भरड पीठ आणि उसनं रूप : आफ्रिकी लोककथा मुलांना सांगताना

एका बालवाचनालयाच्या ताईंचा प्रश्न आहे. दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी त्यांना आफ्रिकी लोककथांची चार-पाच सत्रं घ्यायची आहेत. विषय दोन : मनाचं सौंदर्य आणि आपलं वेगळेपण. कोणत्या कथा निवडाव्यात, मराठीत कशा सांगाव्यात आणि चुका कुठे होतात, हे त्यांना हवं आहे.

सुरुवात निवडीपासून करू, कारण बरीचशी फसगत तिथेच होते. ‘तू आहेस तशीच छान आहेस’ हे आजच्या चित्रपुस्तकांचं वाक्य आहे. जुन्या आफ्रिकी लोककथांमध्ये ते शोधायला गेलात तर सापडणार नाही, आणि ओढूनताणून बसवलंत तर कथा मोडेल. या कथांमध्ये सौंदर्य म्हणजे वागणूक. तीही बड्या लोकांशी नव्हे, ज्याच्याकडून आपल्याला काही मिळणार नाही त्याच्याशी : उंदराशी, भुकेल्या पोराशी, वाटेवरच्या म्हातारीशी. वेगळेपणाच्या कथाही आहेत, पण त्यांतला वेगळा माणूस गाव सोडून एकटा उभा राहत नाही. त्याचं वेगळेपण शेवटी कुणाच्या तरी उपयोगी पडतं. म्हणून दोन्ही विषयांना एकच कथा पुरवू नका. सौंदर्यासाठी वेगळ्या कथा घ्या, वेगळेपणासाठी वेगळ्या.

दुसरं म्हणजे ‘आफ्रिकेतली एक गोष्ट’ असं म्हणून सुरुवात करू नका. त्या खंडात ५४ देश आहेत आणि भाषा दोन हजारांच्या घरात. कथा खोसा लोकांची असेल तर तसं सांगा, नकाशावर दक्षिण आफ्रिकेचा ईस्टर्न केप प्रांत दाखवा. अर्धं मिनिट लागतं. ते न केल्यास मुलांच्या मनात झेब्रा, झोपडी आणि ढोल एवढंच चित्र तयार होतं आणि पुढच्या सगळ्या कथा त्यातच कोंबल्या जातात.

सौंदर्याच्या विषयासाठी पहिली कथा मी खोसांची पाच डोक्यांच्या सापाची घेईन. जॉर्ज मॅकॉल थील यांनी ती १८८२ साली छापली. १९८७ सालचं जॉन स्टेप्टो यांचं झिंबाब्वेच्या पार्श्वभूमीवरचं प्रसिद्ध चित्रपुस्तक थील यांच्या संग्रहातल्या कथेवरून सुचलेलं आहे, आणि त्यामुळे अनेकांना ती मूळची झिंबाब्वेची वाटते. चित्रपुस्तकातली नावं आणि प्रसंग लेखकाचे आहेत, ते उचलू नका. लोककथा कुणाच्या मालकीची नसते, तिचं नवं रूप मात्र असतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो. थील १९१९ मध्ये वारले, त्यामुळे त्यांचा पाठ, म्हणजे त्यांनी छापलेलं कथेचं रूप, वापरायला मोकळा आहे. एक खबरदारी : त्यांच्या पुस्तकाच्या नावात खोसा लोकांसाठी जो शब्द आहे, तो आज दक्षिण आफ्रिकेत शिवी मानला जातो. मुलांसमोर ते नाव घेऊ नका, ‘खोसांची कथा’ म्हणा.

कथा थोडक्यात अशी. एका माणसाला लग्नाच्या वयाच्या दोन मुली. नदीपलीकडच्या गावच्या सरदाराला बायको हवी आहे, ही बातमी तो घरी आणतो. थोरली म्पुन्झिकाझी म्हणते, मी जाते. बाप वऱ्हाड जमवतो, तर ती म्हणते, मी एकटीच जाणार. वाटेत उंदीर भेटतो, ‘वाट दाखवू?’ म्हणतो. ती त्याला हाकलते. बेडकाला म्हणते, माझ्याशी बोलायची तुझी लायकी नाही. बकऱ्या राखणारं पोर भुकेलं आहे, त्याला ती घास देत नाही. दगडापाशी बसलेली म्हातारी तीन गोष्टी सांगते : झाडं तुला हसतील, तू हसू नकोस, घट्ट दुधाची पिशवी दिसेल, ते खाऊ नकोस, डोकं काखेत धरलेला माणूस भेटेल, त्याच्या हातचं पाणी घेऊ नकोस. थोरली तिला ‘कुरूप’ म्हणून झिडकारते आणि तिन्ही गोष्टी करते. नदीवर पाणी भरणारी मुलगी सरदाराची बहीण असते, तिलाही तोडून बोलते. गावात तिला दळायला धान्य देतात. ती भरड दळते, भाकरी बिघडते. संध्याकाळी सोसाट्याचा वारा सुटतो आणि पाच डोक्यांचा साप येतो, तोच सरदार, माखांडा माह्लानू. ती घाबरते. भाकरी त्याला पसंत पडत नाही, तो शेपटीच्या एका फटक्यात तिला मारतो. मग धाकटी म्पुन्झान्याना निघते, वऱ्हाडासह. उंदराचे आभार मानते, सांगितलेलं ऐकते, बारीक दळते. वाऱ्याने झोपडीचे वासे पडतात तरी जागची हलत नाही, सापाला भाकर वाढते. तो म्हणतो, तू माझी बायको. आणि पुढे सापाचा माणूस होतो.

आता यात नीट बघा. दोघी बहिणी दिसायला कशा होत्या, याबद्दल कथेत एक शब्दही नाही. ‘कुरूप’ हा शब्द एकदाच येतो आणि तो थोरलीच्या तोंडचा आहे. सांगणाऱ्याच्या हातून पहिली चूक इथेच होते : ‘थोरली होती खूप सुंदर पण मनाने दुष्ट’ अशी पदरची भर पडते. घालू नका. रूपाची माहितीच दिली नाही की मुलं आपोआप वागण्याकडे बघतात. शेवटी विचारा, ‘यातली सुंदर कोणती?’ कुणीतरी म्हणतंच की दिसायच्या कशा होत्या ते तुम्ही सांगितलंच नाही. तिथे थांबा, दुसऱ्या मुलांना बोलू द्या. आपण उत्तर दिलंत तर सत्र तिथेच संपलं.

दुसरी अडचण ‘एकटीच जाणार’ या वाक्याची. आजच्या मुलीला ते धाडस वाटेल, आणि तसं वाटण्यात चूक नाही. पण खोसा रीतीत नवरी वऱ्हाडाशिवाय जात नाही, एकटी गेली तर तिच्या पाठीशी माणसं नाहीत असा त्याचा अर्थ होतो. म्हणूनच ही कथा स्वतंत्र वृत्तीची म्हणून विकू नये, कथा नेमकं उलटं सांगते. चौथी-पाचवीला हे उघड सांगा आणि वाद होऊ द्या. दुसरी-तिसरीला फक्त ‘तिकडे नवरीबरोबर वऱ्हाड जातं, आपल्यासारखंच’ एवढं पुरे.

तिसरी अडचण शेवटाची. आठ वर्षांखालच्या मुलांना मृत्यू सांगायचा नसेल तर ‘सापाने शेपूट आपटली, म्हणाला, तू माझी बायको होणार नाहीस, आणि ती आली तशी गेली’ एवढं बस होतं. पण थोरलीला पश्चात्ताप झाला, दोघी गळ्यात पडल्या, असा गोड शेवट जोडू नका. मुलांना दुरुस्तीचा वास लगेच येतो. नऊच्या पुढे मूळ शेवटच सांगा.

आता भाषेकडे. घट्ट दूध म्हणजे चामड्याच्या पिशवीत विरजलेलं ‘अमासी’. दही म्हटलं तर चालतं, पण नाव एकदा उच्चारा. थील यांच्या पाठात धान्य बाजरीवर्गातलं दिलं आहे, मात्र दक्षिण आफ्रिकेतलं पारंपरिक धान्य म्हणून मराठीत ‘ज्वारी’ म्हणणं योग्य आणि सोयीचंही. ज्वारी मुळात ईशान्य आफ्रिकेतली, सुदानच्या बाजूला पहिल्यांदा पिकवलेली. हे कळल्यावर सोलापूर-नगरकडची मुलं कथेला एकदम जवळची मानतात. दळायचं साधन मात्र ‘जातं’ म्हणू नका. तिथे आडव्या दगडावर दुसरा दगड पुढे-मागे घासतात, म्हणजे आपला पाटा-वरवंटा. कुठून मिळाला तर तो आणि पाव किलो ज्वारी सत्राला ठेवा. मूठभर ज्वारी भरडायला दोन-तीन मिनिटं लागतात, त्याच मुठीचं भाकरीजोगं पीठ करायला त्याच्या कितीतरी पट. दोन मुलांना भरडायला, दोघांना बारीक करायला बसवा आणि पीठ चिमटीत धरून बघू द्या. धाकटीने काय केलं ते बोटांना कळतं. कोणत्याही चर्चेपेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

उच्चारांना घाबरू नका. खोसा भाषेत कथाकार म्हणते ‘क्वाथी के कालोकू न्गान्त्सोमी’ आणि ऐकणारे म्हणतात ‘चोसी!’ यातला पहिला आवाज आपला ‘च’ नाही. हळहळताना जिभेचं टोक दातांमागे लावून आपण ‘च्च च्च’ करतो, तोच तो, फक्त एकदाच. ‘खोसा’ या शब्दातला पहिला आवाज घोडा हाकताना गालाच्या कडेने काढतात तसला. मुलांना हे पाच मिनिटांत जमतं. त्यात हसाहस होते. ती होऊ द्या, पण ‘काय विचित्र भाषा’ असं स्वतः म्हणू नका. ‘हा आवाज आपण रोज काढतो, त्यांनी त्याची अक्षरं केली’ असं सांगा. शेवट ‘फेला फेला न्गान्त्सोमी’ने करायचा, म्हणजे गोष्ट संपली.

सुरुवातीला ‘आटपाट नगर होतं’ वापरायचा मोह आवरा. त्या शब्दांबरोबर आपल्या कहाण्यांचा राजा, आवडती-नावडती आणि व्रत सगळं येतं. हुंकारा मात्र जरूर घ्या. गोष्ट ऐकताना ‘हूं’ देण्याची आपली रीत आणि तिकडची हाक-साद एकाच कामाची आहेत. झुलू कथा असेल तर ‘क्वासुकासुकेला’ला ‘चोसी’ (इथेही तोच दातांमागचा आवाज), स्वाहिली असेल तर ‘हदीथी, हदीथी’ला ‘हदीथी न्जो’, शोना असेल तर ‘पाइवापो’ला ‘झेप्फुंडे’. एका लोकांची हाक दुसऱ्यांच्या कथेला लावू नका. नेमकी हाक ठाऊक नसेल तर सरळ सुरुवात करा.

दुसरी कथा नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या कॅलाबारची, एफिक लोकांची. एल्फिन्स्टन डेरेल यांनी ती १९१० साली छापली. अफिआँग नावाची देखणी मुलगी आईबापांनी सुचवलेला एकही नवरा पसंत करत नाही. भुतांच्या देशातल्या एका कवटीच्या कानावर तिचं नाव जातं. ती कवटी मित्रांकडून धड, हात, पाय असं चांगलं-चांगलं उसनं घेते आणि रुबाबदार तरुण होऊन बाजारात येते. मुलगी भाळते, लग्न होतं. सासरच्या वाटेवर एकेक मालक येऊन आपापला अवयव परत घेतो आणि शेवटी उरते नुसती कवटी. याच कल्पनेचं योरुबा वळणाचं रूप अमोस टुटुओला यांच्या १९५२च्या कादंबरीत आहे, म्हणजे पश्चिम आफ्रिकेत ती किती मुरलेली आहे ते कळेल.

मुलांना ही कथा प्रचंड आवडते आणि सत्रासाठी ती सोपीही आहे. पुठ्ठ्याचे पाच तुकडे कापा : धड, दोन हात, दोन पाय. पाच मुलांकडे द्या. बाजाराच्या प्रसंगी पाचही जण येऊन कवटी धरलेल्या मुलाला आपला तुकडा ‘उसना’ देतात, परतीच्या वाटेवर एकेक जण मागून नेतो. कवटी साध्या कागदी ताटलीची करा, फार हुबेहूब केलीत तर दुसरी-तिसरीची मुलं रात्री दचकतात.

पण इथे सांगणारे बहुतेकदा अर्धीच कथा सांगतात. कवटी उघडी पडली की ‘बघा, रूपावर जाऊ नये’ म्हणून थांबतात. खरा गाभा पुढे आहे. अफिआँग सासरी गेल्यावर कवटीच्या म्हाताऱ्या आईचं पाणी भरते, सरपण आणते, स्वयंपाक करते. म्हातारीचा जीव तिच्यात गुंततो. ती जाळं विणणाऱ्या कोळ्याला बोलावून मुलीचे केस नव्या धर्तीने बांधून घेते, पैंजण देते, आणि तिला घरी पोचवायला आधी वादळाला हाक मारते, ते फार धसमुसळं म्हणून परत पाठवते, मग मंद वाऱ्याला बोलावते. म्हणजे रूपावर भाळलेल्या त्याच मुलीला तिचं वागणं सोडवतं. ती वाईट नव्हती, चुकली होती. हे अर्धं सांगितलं नाही तर कथा देखण्या मुलीची फजिती एवढीच उरते.

मूळ कथा संपते ती राजाच्या कायद्याने : परक्या मुलखातल्या माणसाला मुली देऊ नयेत. बाप सांगेल तिथेच लग्न करावं, असा तिचा रोख आहे. आजच्या वर्गात तो शेवट मी गाळेन, पण मोठ्यांपासून लपवणार नाही. पालक ऐकायला बसले असतील तर मूळ शेवट त्यांना वेगळा सांगा.

वेगळेपणासाठी झांबियातल्या काफुए नदीकाठच्या इला लोकांची पक्ष्यांची कथा घ्या, स्मिथ आणि डेल यांनी १९२० साली नोंदवलेली. होल्याच्या गळ्यात काळी कडी कशी आली, ते ती सांगते : काळ्या पक्ष्याने आपल्या काळ्या रंगाने त्याच्या गळ्याभोवती ती काढून दिली, मग बाकीच्यांनाही काळ्या खुणा हव्याशा वाटल्या. आपल्याकडे अशाच पक्ष्याला ‘कंठी होला’ म्हणतात. जात वेगळी, पण गळ्यातली काळी रेघ मुलांनी पाहिलेली असते, फोटो दाखवा.

या कथेत काळा रंग सर्वांना हवासा आहे, आणि महाराष्ट्रातल्या वर्गात तिची किंमत त्यामुळे मोठी आहे. शब्द जपून निवडा. ‘काळाकुट्ट’, ‘काळा ठिक्कर’ म्हटलंत की कथा मेली. मराठीत कौतुकाचे शब्द आहेत : काळेभोर डोळे, काळीशार जमीन, सावळा विठोबा. पक्षी ‘काळाभोर’ म्हणा. मात्र एक खाच लक्षात ठेवा. बाकीचे पक्षी रंगवून घेतल्यावरच सुंदर झाले, असं मुलं म्हणू शकतात, आणि मग वेगळेपणाचा विषय उलटा फिरतो. म्हणून चर्चेत प्रश्न असा ठेवा : काळ्या पक्ष्याने सगळ्यांना पूर्ण काळं का नाही केलं? होल्याला फक्त कडीच का?

चित्रं काढायला दिलीत तर सावध राहा. बारा खडूंच्या पेटीत एकच तपकिरी असतो आणि फिक्या गुलाबीला मुलं ‘अंगाचा रंग’ म्हणतात. पाच डोक्यांच्या सापाच्या कथेनंतर वाईट बहीण गडद आणि चांगली फिकी, असं हमखास होतं. त्या वेळी रागावून उपयोग नाही. आधीच तपकिरीच्या तीन-चार छटा स्वतंत्र वाटीत ठेवा आणि ‘दोघी एकाच आईबापांच्या आहेत’ एवढं सहज म्हणा.

गोरखचिंचेची (बाओबाब) कथाही याच विषयात बसते. हे झाड मूळ आफ्रिकेचं. मुंबई-वसईच्या बाजूला जुने वृक्ष आहेत, जमलं तर मुलांना नेऊन बुंध्याला हात लावू द्या. आफ्रिकेच्या दक्षिण भागात या कथेच्या अनेक तऱ्हा सांगतात. एका तऱ्हेत हे झाड सारखं दुसऱ्या झाडांकडे बघून देवाकडे मागत राहतं : ताडासारखी उंची दे, फुलं दे, फळं दे. शेवटी देव वैतागून त्याला उपटतो आणि उलटं लावतो, म्हणून फांद्या मुळांसारख्या दिसतात. यात धोका उघड आहे. स्वतःच्या दिसण्याने आधीच खट्टू असलेल्या मुलाला एवढंच ऐकू येतं की तक्रार केली म्हणून शिक्षा झाली. त्यामुळे कथा ‘हे झाड असं का दिसतं’ एवढ्यापुरती सांगा आणि लगेच खरं झाड समोर ठेवा : बुंध्यात पाणी साठवणारं, वर्षातले कित्येक महिने निष्पर्ण, पांढरी फुलं रात्री उमलणारी आणि त्यांच्यासाठी वटवाघळं येणारी, सालीचे दोर, पानांची भाजी आणि आंबट गर देणारं. ‘उलटं लावलं तरी काय-काय करतंय?’ असं विचारलं की मुलं यादी थांबवत नाहीत.

चौथी-पाचवीसाठी शेवटचं सत्र मालीच्या सुंदियाताचं ठेवा. ही लोककथेपेक्षा मोठी गोष्ट आहे, तेराव्या शतकातल्या राजाची, पिढ्यान्‌पिढ्या ‘जेली’ म्हणजे गाणाऱ्या इतिहासकारांनी सांभाळलेली. १२३५ च्या किरिनाच्या लढाईपर्यंत जायची गरज नाही, बालपण पुरे. मुलं सुंदियातावर भाळतात, मी मात्र त्याच्या आईपासून सुरू करेन. जिब्रिल तामसिर नियान यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या पाठात दोन शिकारी भाऊ एका भुकेल्या म्हातारीला खायला देतात. देशाचा नाश करणारी रानम्हैस म्हणजे तीच असते. ती त्यांना आपल्याला मारायचं रहस्य सांगते आणि अट घालते : बक्षीस म्हणून जमलेल्या मुलींतली सगळ्यांत कुरूप, पाठीला कुबड असलेली सोगोलोन निवडा. तीच पुढे राजाची आई होते. बघा, इथेही सुरुवात भुकेल्या म्हातारीला दिलेल्या घासापासूनच.

सुंदियाता सात वर्षांचा झाला तरी चालत नाही, रांगतो. सवत सासुमा बेरेते सोगोलोनला गोरखचिंचेच्या पानांवरून टोमणा मारते : माझा मुलगा पानं तोडून आणतो, तुझा साधा चालतही नाही. आईचं रडणं ऐकून तो लोखंडी कांब मागवतो, तिच्या आधाराने उभा राहतो, ती वाकून धनुष्य होते, आणि तो अख्खं झाड उपटून आईच्या झोपडीसमोर आणून टाकतो. प्रसंग जोरकस आहे. पण वर्गात कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरणारं मूल असेल तर ‘जिद्द केली की पाय चालतात’ असा अर्थ निघू देऊ नका, तो खोटा आणि दुखवणारा आहे. अशा वर्गात भर टोमण्यावर ठेवा : रांगणाऱ्या मुलाला गाव काय-काय बोललं, आणि तो चालू लागला नसता तर ते बोलणं बरोबर ठरलं असतं का?

वेळेचं गणित : तीसेक मुलं, चाळीस मिनिटं. नकाशा आणि हाक-साद पाच मिनिटं, कथा बारा ते पंधरा, दळण-पुठ्ठा-चित्र यांतलं एकच काही बारा, उरलेला वेळ बोलण्याला. दोन उपक्रम घेतलेत तर बोलणं बुडतं. कथा वाचून दाखवू नका, तोंडी सांगा. पाच डोक्यांच्या कथेत नावं, भेटींचा क्रम (उंदीर, बेडूक, पोर, म्हातारी, पाणवठ्यावरची मुलगी) आणि म्हातारीचे तीन सल्ले एवढंच पाठ हवं. थोरलीला कर्कश आणि धाकटीला मंजूळ आवाज देऊ नका, शब्दच पुरेसे आहेत. धाकटीच्या फेरीत वेग वाढवा, नाहीतर मुलं ‘माहितीये’ म्हणू लागतात. तिथे उत्तरं त्यांच्याकडूनच घ्या : ‘उंदीर म्हणाला, वाट दाखवू? मग ही काय म्हणाली?’

छापील गोष्टी मुलांच्या हाती द्यायच्या असतील तर दक्षिण आफ्रिकेतला ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ हा उपक्रम आणि प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ बघा. दोन्हींकडे मुक्त परवान्याच्या गोष्टी आहेत, स्टोरीवीव्हरवर मराठीतही. छापताना मूळ लेखक, चित्रकार आणि अनुवादक यांची नावं तशीच ठेवावी लागतात. प्रत्येक गोष्टीच्या शेवटच्या पानावर ती लोककथा आहे की नव्याने लिहिलेली, हे तपासा आणि मुलांनाही तसंच सांगा.